कोरडं पडणारं पाणी

(दृश्य: मे महिना. माळावरचा कोरडा खळगा, वरून)

सहा पावलं लांब, चार पावलं रुंद. सगळ्यात खोल जागी जेमतेम वीतभर. तळाला काळा कातळ, त्यावर बोटभर गाळ, आणि तोही भेगा पडून पापडासारखा उचललेला. सोलापूरच्या माळावर असे खळगे जागोजागी दिसतात. सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद बहुधा पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य. या पापुद्र्यातली फेअरी श्रिम्प नावाच्या, कोळंबीच्या गोतातल्या चिमुकल्या जिवाची अंडी मात्र गेल्या पावसाळ्यापासून जिवंत आहेत, काही त्याही आधीपासून.

(दृश्य: पहिला पाऊस, भरणारा खळगा)

मृगाचं पाणी साचलं की एक-दोन दिवसांत अंडी फुटू लागतात. ताज्या पावसाच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच असतात. त्याला उजेड आणि ऊब मिळाली की आतला जीव हलतो.

(दृश्य: पांढऱ्या ट्रेमध्ये फेअरी श्रिम्प, अगदी जवळून)

हा फेअरी श्रिम्प. पोट वर, पाठ खाली, असा उताणा पोहतो. पायांच्या अकरा जोड्या एका लयीत हलतात. पोहणं त्यांनीच आणि पाण्यातलं शेवाळ गाळून खाणंही त्यांनीच. नराच्या तोंडापुढचे आकडे मादीला धरायला. मादीच्या पोटाखाली पिशवी दिसते, ती अंड्यांची. जन्मापासून इथवर एक ते दोन आठवडे पुरतात. त्याचाच दूरचा नातेवाईक ट्रायॉप्स पाठीवर ढाल घेऊन चिखल उकरतो. त्याला डोळे तीन.

संथ पोहणारा, अंगावर कवच नसलेला फेअरी श्रिम्प मासा असलेल्या पाण्यात टिकत नाही. त्यामुळे उजनीच्या बारमाही पाण्यात त्याला जागा नाही, हिप्परग्याच्या तलावातही नाही. आटणारं पाणी हेच त्याचं संरक्षण. ते कुठे साचेल आणि किती दिवस राहील, हे माळाची ठेवण ठरवते. सपाट कातळावर पाणी थांबतं, उतारावर ओघळ होऊन निघून जातं.

सोलापूरचा पाऊसही लहरी. जूनमध्ये येतो, मग दडी मारतो आणि खरा जोर सप्टेंबरात धरतो. एकाच हंगामात खळगा दोन-तीनदा भरतो नि आटतो. पाचव्या दिवशीच आटला, तर ती पिढी अंडी न घालताच संपते. पण सगळी अंडी एका पाण्यात फुटत नाहीत. दुबार पेरणी भोगलेला शेतकरी बियाणं राखून ठेवतो, तशी काही मागे राहतात.

(दृश्य: गाळाचा नमुना घेणारे हात)

खळग्यात कोण राहतं, हे उन्हाळ्यातही तपासता येतं. गाळ पूर्ण वाळलेला असताना वरचा दोन सेंटिमीटर थर घ्यायचा. कडेपासून मध्यापर्यंत दहा जागांहून एकेक चमचा. पसरट ट्रेमध्ये अर्धा सेंटिमीटर गाळ, वर चार-पाच सेंटिमीटर पावसाचं साठवलेलं पाणी. भरपूर उजेड हवा, थेट ऊन नको. इथल्या बोअरचं पाणी वापरलं तर फसतं, क्षार जास्त असले की अंडी फुटत नाहीत. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन पिल्लांना मारतं. गाळ जाड पसरला तर खालच्या अंड्यांना उजेड मिळत नाही आणि पाणी कुजतं. दुसऱ्या दिवसापासून भिंग लावून पाहायचं. झटके देत पोहणारं टिंब दिसलं की ते पिल्लू. काहीच दिसलं नाही, तर लगेच 'नाही' लिहू नका. गाळ वाळवा, पुन्हा भिजवा.

(दृश्य: खळगे ओलांडणारी मेंढरं)

खुरांना लागलेल्या चिखलातून अंडी पुढच्या खळग्यात पोचतात. पक्ष्यांच्या पायांतून, वाऱ्यावरच्या धुळीतूनही. एक खळगा रिकामा झाला, तर शेजारचा त्याला पुन्हा भरतो. म्हणून एकटा खळगा राखून भागत नाही, सगळा माळ राखावा लागतो. नान्नजचा माळ 1979 साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाला. बाकीच्या माळावर मुरूम उपसला जातो, नांगर फिरतो. पाणी टिकावं म्हणून खळगे खोल केले जातात, डासांसाठी त्यात गप्पी मासे सोडतात, आणि अंड्यांचा साठा तिथेच संपतो.

(दृश्य: ओढ्याकाठचं बीळ, पोटाखाली पिल्लं घेतलेली खेकडीण)

पाणी आटल्यावरही तग धरणारा दुसरा जीव म्हणजे काळ्या मातीतला हा खेकडा, बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस. 1836 मध्ये इंग्रज कीटकशास्त्रज्ञ वेस्टवूडने त्याचं वर्णन केलं, ते दख्खनच्याच खेकड्यांवरून. याची पिल्लं समुद्री खेकड्यांसारखी पाण्यावर तरंगत दूर जात नाहीत. अंड्यातून थेट चिमुकला खेकडाच निघतो आणि आईच्या पोटाखाली राहतो. उन्हाळ्यात हे सगळे बिळाच्या तळाशी, ओल असेल तिथे. जेसीबीने काठ तासून ओढा सरळ केला की बिळं जातात. काम काढायचंच असेल, तर निदान एक काठ तसाच सोडा.

(दृश्य: पुन्हा तोच खळगा, भरलेला)

गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोकजैवविविधता नोंदवही असते. तिच्यात या खळग्याची लांबी, रुंदी, खोली लिहा. पाणी कोणत्या दिवशी साचलं, कोणत्या दिवशी आटलं, तेही लिहा.