दोन तपासण्यांमधला वेळ

दृश्य : नुकतेच रिकामे झालेले तपासणीचे टेबल. शेजारच्या ट्रेमध्ये वापरलेली उपकरणे.

तपासून झालेले कुत्रे बाहेर गेले आहे आणि पुढची मांजर पिंजऱ्यात बसून दाराशी वाट पाहत आहे. टेबलाशेजारच्या ट्रेमध्ये थर्मामीटर आहे, स्टेथोस्कोप आहे, कानात पाहण्याच्या ओटोस्कोपचा प्लॅस्टिकचा कोन, म्हणजे कानात घालायचे शंकूसारखे टोक, आहे आणि नखे कापण्याची कात्री आहे. शस्त्रक्रियेच्या हत्यारांची शिस्त पशुवैद्यकाच्या शिक्षणातच मुरलेली असते. ती धुतली जातात, कापडात बांधली जातात, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या बंद पात्रात, किमान १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेखाली ठेवली जातात, आणि ज्या गाठोड्याबद्दल शंका आहे ते कोणी उघडतही नाही. तपासणीच्या उपकरणांच्या वाट्याला मात्र पुष्कळदा स्पिरिटचा एक बोळा येतो, आणि गर्दी असेल त्या दिवशी तोही येत नाही. एका जनावराकडून दुसऱ्याकडे दिवसभर सर्वाधिक फिरतात ती हीच साधी उपकरणे.

कोणत्या उपकरणाला किती काटेकोर प्रक्रिया हवी, हे ठरवण्याची रीत अर्ल स्पॉल्डिंग या अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यावर मांडली आणि माणसांच्या व प्राण्यांच्या वैद्यकात ती आजही वापरली जाते. जे उपकरण रक्तात किंवा शरीराच्या आतल्या ऊतींमध्ये जाते, त्यावर एकही जिवंत सूक्ष्मजीव, अगदी बीजाणू म्हणजे जिवाणूंचे कठीण कवचातले सुप्त रूपही, राहता कामा नये. जे तोंड, गुदद्वार, नाक अशा ठिकाणच्या श्लेष्मल त्वचेला किंवा जखमी कातडीला लागते, त्याला उच्च दर्जाचे जंतुनाशन हवे. जे केवळ धडधाकट कातडीला लागते, त्याला स्वच्छता आणि साधे जंतुनाशन पुरते.

ही वर्गवारी कागदावर सोपी दिसते, पण टेबलावर उपकरणे आपली जागा बदलत असतात. निरोगी कानात घातलेला ओटोस्कोपचा कोन धडधाकट कातडीलाच लागतो; तोच कोन सुजलेल्या, पू वाहणाऱ्या कानात गेला की त्याची गणना वरच्या वर्गात करावी लागते. नखे कापण्याच्या कात्रीचेही तसेच आहे. नखाचा जिवंत भाग कापला जाऊन रक्त आले, तर ती कात्री त्या क्षणापासून रक्ताला लागलेले हत्यार असते. म्हणून वापरलेली वस्तू बाजूला ठेवताना ती या वेळी कशाला लागली, हे तपासणाऱ्यानेच सांगायला हवे. धुणाऱ्याला ते नुसते पाहून नेहमी कळत नाही.

दृश्य : नळाखाली धरलेला कोन, आत फिरणारा बारीक ब्रश.

जंतुनाशकाच्या बाटलीकडे हात जाण्याआधी पाणी, डिटर्जंट आणि ब्रश यांचे काम पूर्ण व्हावे लागते. हे वाक्य प्रत्येक माहितीपत्रकात असते आणि तरीही सर्वांत जास्त मोडले जाते, म्हणून त्यामागचे कारण नीट समजून घेणे आवश्यक आहे. ब्लीचमधला क्लोरीन समोर येईल त्या सेंद्रिय पदार्थावर खर्च होतो. त्याच्या दृष्टीने विष्ठा, रक्त, कानातला मळ आणि विषाणू यांत फरक नसतो. मळाचा थर जाड असेल तर क्लोरीन त्या थरावरच संपतो आणि खालचे जंतू सुरक्षित राहतात. अल्कोहोलची अडचण निराळी आहे. ते प्रथिने साकळवते, त्यामुळे न धुतलेले रक्त किंवा पू उपकरणाला अधिकच घट्ट चिकटतो. शिवाय धुण्याचा साबण नीट खळबळून काढला नाही, तर क्वाटर्नरी अमोनियम वर्गातली जंतुनाशके आणि क्लोरहेक्सिडीन ही दोन्ही त्या साबणाच्या अंशानेच निष्प्रभ होतात. खळबळल्यावर उपकरण कोरडे करावे लागते, कारण ओल्या वस्तूंबरोबर भांड्यात जाणारे पाणी मोजून तयार केलेले द्रावण दर वेळी थोडे पातळ करत राहते. कात्री असेल तर तिचा सांधा उघडून घासावा, आणि ब्रश पाण्याच्या पातळीखाली चालवावा, म्हणजे तुषार तोंडावर उडत नाहीत.

ओटोस्कोपच्या कोनाविषयी थोडे थांबून बोलणे भाग आहे. आकाराने तो बोटाच्या पेराएवढा असतो, आतून पोकळ आणि टोकाशी निमुळता, आणि नेमक्या त्या निमुळत्या भागात केस, मेण आणि पू अडकून राहतो. कुत्र्यांच्या कानाच्या संसर्गात मॅलॅसेझिया हे यीस्ट आणि स्यूडोमोनास हा जिवाणू नेहमी भेटतात. यांतला स्यूडोमोनास विशेष चिवट आहे. तो पृष्ठभागावर स्वतःभोवती चिकट थर तयार करतो आणि त्या थराआड जंतुनाशकाचा मारा सहन करतो. पातळ झालेल्या किंवा जुन्या द्रावणात तर तो जगू शकतो, वाढूही शकतो. अनेक दवाखान्यांत खिडकीपाशी एक बरणी असते, तिच्यात रंगीत द्रावण असते, वापरलेले कोन तिच्यात टाकले जातात आणि द्रावण कमी झाले की वरून भर घातली जाते. अशी बरणी पाहून मन आश्वस्त होते. प्रत्यक्षात ती बरणीच संसर्गाचा साठा झालेली असू शकते. ती रोज रिकामी करावी, घासून धुवावी, वाळवावी आणि मगच ताजे द्रावण भरावे. जुन्यावर नवे कधीही ओतू नये. तपासतानाची सवयही येथे उपयोगी पडते : आधी बरा कान पाहावा, मग दुखरा, आणि शक्य असेल तर दोन्ही कानांसाठी दोन कोन घ्यावेत, कारण संसर्गाचा सर्वांत जवळचा प्रवास त्याच प्राण्याच्या एका कानातून दुसऱ्या कानात होतो.

दृश्य : थर्मामीटरवर चढवलेले पातळ आवरण.

जनावरांचे तापमान बहुतेक वेळा गुदद्वारातून घेतले जाते, म्हणून थर्मामीटर हे आतड्यातल्या रोगजंतूंचे वाहन ठरू शकते. साल्मोनेला त्यांपैकी एक आहे. कुत्र्यांचा पार्व्होविषाणू हा दुसरा, आणि त्याने ही चर्चा कायमची बदलली. १९७८ च्या सुमारास तो जगभर पसरला आणि पिल्ले मोठ्या संख्येने दगावली. त्याला मेदाचे बाह्य आवरण नसते, त्यामुळे मेद विरघळवून काम करणारी अनेक जंतुनाशके त्याच्यापुढे अपुरी पडतात. स्पिरिटच्या बोळ्यावर किंवा नेहमीच्या क्वाटर्नरी अमोनियम द्रावणावर येथे भिस्त ठेवता येत नाही. अनुकूल परिस्थितीत तो दवाखान्याच्या कोपऱ्यात कित्येक महिने टिकतो. त्याच्यावर काम करतात ती सोडियम हायपोक्लोराइटसारखी, म्हणजे ब्लीचमधल्या क्लोरीनयुक्त घटकासारखी द्रव्ये : ५ ते ६ टक्क्यांचे साधे ब्लीच १ भाग आणि पाणी ३१ भाग, रोज ताजे केलेले, धुतलेल्या पृष्ठभागावर १० मिनिटे. वर्धित हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पोटॅशियम पेरॉक्सिमोनोसल्फेट हेही पर्याय आहेत, आणि धातूच्या वस्तूंना ब्लीचपेक्षा ते सहसा कमी इजा करतात. एकदाच वापरायचे प्लॅस्टिकचे आवरण थर्मामीटरवर चढवणे चांगलेच, परंतु ते फाटू शकते. आवरण काढल्यावरही थर्मामीटर पुसून, धुऊन, जंतुनाशकाने स्वच्छ करावाच लागतो. ज्या पिल्लाविषयी पार्व्होची शंका आहे, त्याचा थर्मामीटर आणि त्याचा स्टेथोस्कोप त्याच्या खोलीतच ठेवावा, हे आमच्या मते सर्वांत खात्रीचे आहे.

स्टेथोस्कोपचे काम त्यामानाने सोपे आहे. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पडदा, त्याची कड आणि नळी पुसावी, दर प्राण्यानंतर पुसावी, आणि ते आपोआप वाळू द्यावे. तीव्र अल्कोहोल अधिक चांगले असेल असा समज आढळतो, पण प्रथिने मोडण्यासाठी पाण्याची साथ लागते आणि म्हणून ७० टक्क्यांचे मिश्रण जवळजवळ शुद्ध अल्कोहोलपेक्षा सरस ठरते. बीजाणूंवर मात्र दोन्हींचा उपयोग नाही.

केस कापण्याच्या क्लिपरकडे तपासणीचे उपकरण म्हणून फारसे कोणी पाहत नाही. जखम पाहण्यासाठी, सोनोग्राफीसाठी, रक्त घेण्यासाठी तो रोज चालतो. मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीमुळे मांजरांना गजकर्ण होतो, माणसांनाही होतो, आणि तुटलेल्या केसांमध्ये या बुरशीचे बीजाणू वर्षभराहूनही अधिक काळ जिवंत राहू शकतात. पाते काढावे, दातांमधला प्रत्येक केस ब्रशने बाहेर काढावा, पाते धुवावे, जंतुनाशक द्यावे, वाळवावे आणि मग तेल सोडावे. पाते थंड करणारा प्रत्येक फवारा जंतुनाशक असतोच असे नाही. डब्यावरचा मजकूर वाचूनच तो हाती घ्यावा.

सोनोग्राफीच्या प्रोबचा, म्हणजे अंगावर टेकवायच्या भागाचा, पृष्ठभाग नाजूक असतो आणि काही प्रोबना अल्कोहोलने इजा होते, म्हणून उत्पादकाने सांगितलेलेच द्रव्य वापरावे. जेलची बाटली मोठ्या डब्यातून पुन्हा पुन्हा भरणे टाळावे.

दृश्य : गोठा. पाण्याची बादली, खुरे कापण्याची सुरी.

गोठ्यात आणि तबेल्यात हा प्रश्न अधिक अवघड होतो, कारण तेथे सिंक नसते आणि कधीकधी नळही लांब असतो. खुरे कापण्याची सुरी एका गायीच्या खुराकडून दुसरीच्या खुराकडे जाते आणि खुराच्या वरच्या कातडीला होणाऱ्या डिजिटल डर्मटायटिस या रोगाचे ट्रेपोनीम जिवाणू तिच्यासोबत जाऊ शकतात. घोड्यांत स्ट्रँगल्सचा, म्हणजे घशाजवळच्या गाठी सुजवणाऱ्या जिवाणूजन्य रोगाचा, संसर्ग तोंड उघडे ठेवण्याच्या साधनांवरून आणि नाकातून घालायच्या नळ्यांवरून पसरू शकतो. जंतुनाशकाच्या एका बादलीत दिवसभर शेणाने माखलेली सुरी बुडवत राहिल्यास तासाभरात त्या बादलीत शेणाचे पाणीच उरते. तेथे दोन बादल्या लागतात, एक धुण्याची आणि एक जंतुनाशकाची, आणि किमान दोन सुऱ्या लागतात, म्हणजे एक भिजत असताना दुसरी हातात राहते.

येथेच मूळ अडचण उघडी पडते. धुणे, खळबळणे, कोरडे करणे, मग १० मिनिटे जंतुनाशकात, पुन्हा स्वच्छ पाणी, पुन्हा वाळवणे : एका कोनाला किंवा कात्रीला अर्धा तास सहज लागतो. पुढचे जनावर ५ मिनिटांत टेबलावर येते. हा हिशेब कर्मचाऱ्यांच्या तत्परतेने जुळत नाही; त्यांना कितीही बजावले, भिंतीवर कितीही सूचना लावल्या, तरी ५ मिनिटांत १० मिनिटांचा संपर्ककाळ बसत नाही. संपर्ककाळ म्हणजे तो पृष्ठभाग प्रत्यक्ष ओला राहिलेला काळ, आणि फवारून लगेच पुसलेल्या वस्तूच्या बाबतीत तो काही सेकंदांचा असतो. म्हणून दवाखान्याने तासाभरात येणारी जनावरे मोजून तितके कोन, तितके थर्मामीटर आणि तितक्या कात्र्या बाळगणे हाच प्रामाणिक मार्ग आहे. मदतनिसाच्या निष्काळजीपणाला दोष देण्याआधी उपकरणांची संख्या पाहावी, असे आम्हाला मनापासून वाटते.

शेवटच्या खळबळण्यालाही तेवढेच महत्त्व आहे, आणि मांजरांच्या बाबतीत अधिकच. काही जंतुनाशकांत असणारी फिनॉल वर्गातली रसायने मांजरीच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत, आणि अंगावर किंवा पंजांवर राहिलेले क्वाटर्नरी अमोनियम तिने चाटले तर तिच्या जिभेवर व्रण पडू शकतात. ब्लीच कधीही आम्लात मिसळू नये, मूत्रावर थेट ओतू नये. त्यातून निघणारे वायू बंद खोलीत माणसाला आणि जनावराला सारखेच घातक असतात.

दृश्य : पुन्हा तपासणीची खोली.

सिंकच्या डाव्या बाजूला वापरलेल्या वस्तूंचा झाकणाचा डबा आहे, उजवीकडे वाळवण्याची जाळी, आणि त्यापलीकडे स्वच्छ वस्तूंचा बंद खण; वस्तू याच दिशेने जातात, उलट येत नाहीत. मघाच्या कुत्र्याच्या कानात घातलेला कोन धुऊन झाला आहे आणि द्रावणात बुडाला आहे. भांड्यावर आजची तारीख आहे, शेजारी घड्याळ लावलेले आहे आणि त्यात अजून ७ मिनिटे शिल्लक आहेत. मदतनीस हात धुते, खणातून दुसरा कोरडा कोन काढून डॉक्टरांच्या हाती देते, आणि पिंजऱ्याचे दार उघडते.