पाण्याखालचा तास

(दृश्य : लाल दिवा विझतो. पांढरा दिवा लागतो.)

फोटोची प्रिंट फिक्सरमधून, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणातून निघाली, आता तिला उजेडाचं भय नाही. बरेच जण इथेच सुटकेचा श्वास टाकतात. आमचा कॅमेरा मात्र इथून सुरू झाला.

(दृश्य : ट्रेमध्ये वाहतं पाणी. चिमट्यानं एकेक प्रिंट उलटली जाते.)

या कागदात फिक्सरमधला हायपो मुरलाय, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. चांदीचे क्षार त्यात विरघळतात, हे जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये दाखवलं. चित्र पक्कं होतं ते त्याच्यामुळेच. पण तोच कागदात मागे राहिला, तर त्यातलं गंधक हळूहळू चांदीला धरतं. चित्र पिवळटतं, फिकटतं. १८५५ मध्ये लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीनं यावर समितीच नेमली. राहिलेला हायपो हे तिला सापडलेलं एक मोठं कारण.

आरसी कागदावर प्लास्टिकचा थर असतो, तो दोन-चार मिनिटांत धुऊन होतो. फायबर कागदाला तो थर नसतो, तो आतपर्यंत भिजतो. त्याला वाहत्या पाण्यात तासभर ठेवायचं. आधी सोडियम सल्फाइटच्या द्रावणात बुडवला, तर वेळ बराच वाचतो. समुद्राच्या पाण्यातही हायपो गोड्या पाण्यापेक्षा लवकर सुटतो. युक्ती तीच, क्षाराची.

हात बघा, थांबत नाहीत. दोन प्रिंट एकमेकींना चिकटल्या की मधल्या भागाला पाणी लागतच नाही. नळ तासभर चालू ठेवला म्हणजे प्रिंट धुतली, असं होत नाही.

(दृश्य : कोऱ्या कडेवर एक थेंब.)

सिल्व्हर नायट्रेटचा थेंब. दोन मिनिटं वाट पाहायची. डाग तपकिरी पडला, तर हायपो अजून आहे, प्रिंट परत पाण्यात.

(दृश्य : ब्लीचचा ट्रे. चित्र विरत जातं.)

आता सेपिया, म्हणजे चित्राला तपकिरी छटा देणारं टोनिंग. पोटॅशियम फेरिसायनाइड आणि ब्रोमाइडच्या या ब्लीचमध्ये काळी चांदी पुन्हा सिल्व्हर ब्रोमाइड होते, मागे फिकट पिवळसर छाया उरते. कामचुकार धुलाई इथे उघडी पडते. हायपो आणि फेरिसायनाइड एकत्र आले की चांदी कागदातून विरघळूनच जाते. ढगांची कड, गालावरचा उजेड, असे नाजूक भाग आधी जातात आणि कुठल्याही टोनरनं, म्हणजे छटा देणाऱ्या द्रावणानं, परत येत नाहीत.

(दृश्य : दुसरा ट्रे. चित्र तपकिरी होऊन परततं.)

सोडियम सल्फाइड. सडक्या अंड्यांचा वास येतो. तो नको असेल तर थायोयुरियाचा टोनर वापरतात. ज्या गंधकानं न धुतलेली प्रिंट नासते, तेच इथे आपण हातानं देतो, चांदीच्या कणाकणाला पुरेल इतकं. तयार होतं सिल्व्हर सल्फाइड. ते साध्या चांदीपेक्षा कितीतरी टिकाऊ.

(दृश्य : सेलेनियमच्या ट्रेमधली दुसरी प्रिंट. सावल्या गडद होतात.)

सेलेनियम हा दुसरा टोनर, त्याला ब्लीच लागत नाही. काही मिनिटांत काळा रंग खोल जातो. नजर सावल्यांवर ठेवा, बदल बारीक आहे. ही द्रव्यं विषारी आहेत: हातमोजे आणि खेळती हवा हवीच, वापरलेली द्रावणं गटारात ओतायची नाहीत.

टोनिंगनंतर पुन्हा धुलाई. तितकीच मन लावून.

(दृश्य : जाळीवर पालथ्या ठेवलेल्या प्रिंट. एकेकीची कड वळू लागते. एक हात एक प्रिंट सुलटी करतो. निवेदन नाही, फक्त नळाचा आवाज.)