गोठ्याचं अर्थिंग वेगळं का हवं

मंडळी, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या गोठ्यात लाइट घरातल्याच बोर्डावरून गेलेली असणार. मधे अंगण, पलीकडे पत्र्याचं छप्पर, आत दोन बल्ब आणि कडबाकुट्टी. वायरमननं केबलबरोबर घराचीच अर्थिंगची तार पुढं नेऊन गोठ्यातल्या लोखंडी पाइपाला बांधलेली असते. आपल्याला वाटतं, अर्थिंग झालं. माझा आक्षेप नेमका इथं आहे.

माझ्या मामांची म्हैस दोन दिवस हौदाला तोंड लावेना. डॉक्टर आले, दात बघितले, ताप बघितला, काही सापडलं नाही. मी मीटरची एक पिन हौदात उतरलेल्या पाइपाला लावली, दुसरी तिच्या खुराजवळच्या ओल्या जमिनीत खुपसली. 11 व्होल्ट! मामांच्या पायात चप्पल, त्यांना काही कळत नव्हतं. म्हशीचे चारही पाय ओल्यात आणि तोंड पाण्यात. दोष कुठं होता? गोठ्यात नव्हताच. घरातल्या गिझरची कॉइल गळत होती, आणि ते व्होल्टेज अर्थिंगच्या तारेनं साठ फूट चालत हौदापर्यंत आलं होतं.

ही गळती होती म्हणून 11 वर भागलं. फेज सरळ बॉडीला टेकला तर काय होईल, हिशेब करा. घराच्या अर्थिंगचा रोध 10 ओहम धरा, ट्रान्सफॉर्मरकडचा 5. 230 भागिले 15, म्हणजे साधारण 15 अँपिअर. 16 अँपिअरची एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) त्याला हलणारही नाही. आणि त्या तारेवर, म्हणजे गोठ्यातल्या पाइपावर, दीडशे व्होल्ट उभे राहतील. घरात फरशी कोरडी असते, पायात चप्पल असते. गोठ्यात यातलं काहीच नसतं.

म्हणून घराची अर्थिंगची तार गोठ्यात नेऊच नका. गोठ्याजवळ वेगळा खड्डा घ्या, किमान अडीच मीटरचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप उभा पुरा. गव्हाणीचे पाइप, पत्र्याचा सांगाडा, हौदाचा नळ, कडबाकुट्टीची बॉडी, सगळं त्यालाच जोडा. पण नुसत्या पाइपावर विसंबू नका. एमसीबी पडण्याइतका करंट माती वाहून नेत नाही. केबल जिथून निघते तिथं, घराच्या टोकाला, 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी हवीच. फेजमधून गेलेल्या करंटपैकी 30 मिलीअँपिअर न्यूट्रलमधून परत आला नाही की ती पडते, म्हणजे लाइट तोडते. मग मुरमाड जमिनीत अर्थिंगचा रोध 100 ओहम निघाला, तरी ती पडायच्या आधी पाइपावर 3 व्होल्टच्या आसपासच चढतील.

आणखी एक, हे हात जोडून सांगतो: अर्थिंग नीट होत नाही म्हणून गोठ्यात न्यूट्रललाच बॉडी जोडू नका. न्यूट्रल वाटेत तुटला, तर नुसता बल्ब लावला तरी सगळं लोखंड फेजवर येतं.

आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. लाइट गेली तर आरसीसीबी चालू आहे एवढंच कळतं. अर्थिंगची तार तुटलेली असली तरी त्या बटणानं लाइट जातेच. अर्थिंगसाठी अर्थ टेस्टर, म्हणजे जमिनीतला रोध मोजणारा मीटरच लावावा लागतो, आणि तोही मे महिन्यात, जमीन भेगाळलेली असताना. जुलैत माती भिजलेली असते, तेव्हाचा आकडा चांगलाच येतो.