ज्यांची यादी नसते त्यांचा अभ्यास

श्रोतेहो, नमस्कार. एचआयव्हीसह जगणारी, मानसिक आजारावर उपचार घेणारी किंवा आपली समलैंगिकता घरातही न सांगितलेली माणसे किती आणि कोणत्या, याची यादी कुठल्याही ग्रामपंचायतीत नसते, आणि ती नसते हेच बरे. मात्र त्यामुळे त्यांच्या अडचणींचा अभ्यास करायचा कसा, हा प्रश्न उरतोच.

ओळखीच्या माणसाने पुढच्या माणसाकडे न्यावे, ही जुनी रीत. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डग्लस हेकाथॉर्न यांनी १९९७ मध्ये तिला गणिती शिस्त लावली. पण त्यासाठी अशी माणसे एकमेकांना ओळखत असावी लागतात. आपल्या कोकणात, जिथे मनोरुग्णालयामुळे ‘ह्याला रत्नागिरीला नेऊन ठेवा’ ही थट्टा लहानपणापासून कानांवर पडते, तिथे एकाच वाडीतले दोन रुग्णही एकमेकांना कळू देत नाहीत.

हीच माणसे मोबाइलवरील बंदिस्त गटांत, टोपणनावाने, अनोळखी लोकांशी मोकळेपणाने बोलतात. गणपतीला चाकरमानी घरी आले की गोळ्यांची डबी कुठे ठेवायची, स्थळ सांगून आले तर काय उत्तर द्यायचे, औषध आणायला ओळखीचे कोणी भेटणार नाही अशा कोणत्या गावी जायचे, हे प्रश्न अभ्यासकाच्या छापील प्रश्नावलीत सहसा नसतात, कारण ते त्याला सुचलेलेच नसतात. या गटांतले बोलणे अभ्यासण्याच्या मार्गाचे खरे मोल मला इथे दिसते.

मात्र ते शब्द एकमेकांसाठी लिहिलेले असतात, अभ्यासकासाठी नव्हे. टोपणनाव घेऊन गटात शिरणे आणि गुपचूप टिपणे काढणे ही माझ्या मते पाळतच आहे. गटप्रमुखाने होकार दिला, तरी तो सर्व सदस्यांचा होकार होत नाही. ज्याचे लेखन वापरायचे त्याला स्वतंत्रपणे विचारायला हवे. अमेरिकेत लॉड हम्फ्रीज या संशोधकाने १९६० च्या दशकात पुरुषांच्या गुप्त समलैंगिक भेटी पाहून त्यांच्या गाड्यांचे क्रमांक टिपले आणि पुढे वेश बदलून, आरोग्य पाहणीच्या निमित्ताने, तो त्यांच्या घरी गेला. त्यावरचा वाद आजही विद्यार्थ्यांना शिकवला जातो.

नाव गाळले म्हणजे ओळख लपली, असेही नाही. ‘हर्णै बंदरातील चाळिशीचा तांडेल, पत्नी शिक्षिका’ एवढे छापले की दापोली तालुक्याला पुढचे सांगावे लागणार नाही. मूळ वाक्य जसेच्या तसे उद्धृत केले, तर ते शोधून लिहिणाऱ्यापर्यंत पोचता येते. शिवाय आपल्याकडे खाडीगणिक बोली बदलते, तेव्हा मालवणी किंवा संगमेश्वरी वळणाचे एक वाक्यही माणसाचा मुलूख सांगून जाते. म्हणून मजकूर आपल्या शब्दांत मांडावा, गावाऐवजी फार तर जिल्हा लिहावा. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेला एचआयव्ही-एड्सविषयक कायदाही व्यक्तीची संमती नसताना तिची स्थिती उघड करू देत नाही; सांख्यिकी माहितीला त्यात सूट आहे, पण तिच्यावरून व्यक्ती ओळखू येण्याची शक्यता नसेल तरच.

आणखी एक उणीव राहते. घरात एकच फोन असलेली आणि तो नवऱ्याच्या खिशात असलेली बाई, किंवा खोल समुद्रात रेंजबाहेर असणारा खलाशी या गटांत दिसत नाही. तेव्हा गटांतून हाती आलेले चित्र सर्वांचे म्हणून मांडता येणार नाही. अशांसाठी अभ्यासकाने तालुक्याच्या रुग्णालयातील समुपदेशकाकडे आपला दूरध्वनी क्रमांक ठेवावा, आणि फोन करायचा की नाही, केव्हा आणि कोणाच्या फोनवरून, हे त्यांच्यावर सोडावे.