एक वाटी म्हणजे किती?

(पोषणशास्त्राच्या अभ्यासकांचं नागपुरातलं एक छोटं मंडळ. सभासदांसाठी केलेल्या लघुपटाचं निवेदन.)

दृश्य : लांब टेबल. ओळीने मांडलेल्या वाट्या. कॅमेरा काठाकाठाने सरकतो.

या वाट्या दुकानातल्या नाहीत. ऑगस्टच्या बैठकीला येताना सभासदांनी आपापल्या घरून आणल्यात. निरोप एवढाच गेला होता : घरी रोज ज्या वाटीत वरण वाढता, ती घेऊन या. नवी नको, पाहुण्यांची नको, रोजची. 27 जण आले, 27 वाट्या आल्या. एक पितळेची, दोन काचेच्या, बाकी सगळ्या स्टीलच्या. आणि स्टीलची वाटी म्हटली की नाव आलंच. हे बघा, सासूबाईंचं नाव. ही हळदीकुंकवाच्या वाणाची, 1996. या वाटीवर दोन नावं आहेत, पहिलं खोडून दुसरं कोरलंय. त्यामागची गोष्ट आम्ही विचारली नाही.

दृश्य : मोजपात्रातून वाटीत पाणी. काठाशी फुगलेला थेंब.

सगळ्यांत लहान वाटी 85 मिलीलीटरची. सगळ्यांत मोठी 240 ची. मोठी वाटी ज्यांची होती त्या म्हणाल्या, "आमच्याकडे हिला वाटीच म्हणतात जी." शेजारच्या म्हणाल्या, "आमच्याकडे हिला वाडगा म्हणतील." हशा झाला. पण फळ्यावर आकडे लिहून झाले आणि सगळे गप्प बसले. आपण दवाखान्यात समोरच्या बाईला कागद देतो, 'वरण : 1 वाटी'. लिहिताना आपल्या डोक्यात बहुधा 150 मिलीची वाटी असते. तिच्या फडताळात कोणती असते?

सभासदांना कळवायच्या बातम्या पुष्कळ आहेत, त्या शेवटी येतील. आधी ही वाटी.

दृश्य : पाचपावलीतलं एक घर. दाराशी चपला. स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेल्या दोघी सभासद, एकीच्या मांडीवर फॉर्म.

हा चोवीस तासांचा आढावा. काल सकाळी उठल्यापासून आज सकाळी उठेपर्यंत काय काय पोटात गेलं, ते विचारायचं. ऐकायला सोपं वाटतं. करायला बसलं की पहिल्याच प्रश्नाला अडतं.

"काल काय काय खाल्लं?"

"काही नाही जी. वरण, भात, पोळी."

'काही नाही' हे उत्तर फॉर्ममध्ये बसत नाही. मग पुन्हा सकाळपासून सुरुवात. उठल्यावर चहा? किती? कपभर की बशीत ओतून अर्धा? चहासोबत काही? मुलाच्या डब्यातलं उरलेलं कोणी संपवलं? इथे सासूबाई सुनेच्या आधी उत्तर देतात. सून हसते. त्या उठून गेल्यावर मग नीट सांगते. फॉर्मवर याला रकाना नाही. पण जी सभासद सासूबाईंना "मावशी, तुमची तुळस दाखवता का?" म्हणून अंगणात घेऊन जाते, तिला आमच्याकडे फार मान आहे.

दृश्य : डाळीच्या डब्यात हात. मूठ. वजनकाटा.

आता हे नीट बघा. डाळ किती शिजवली, हे ग्रॅममध्ये कोणीच सांगू शकत नाही, आणि त्यांनी सांगावं तरी का? "तीन मुठी," ती म्हणाली. ठीक. तिचीच मूठ, तिचीच तुरीची डाळ, आपला काटा. पहिली मूठ 48 ग्रॅम, दुसरी 52, तिसरी 50. वीस वर्षं रोज तेच माप घेणारा हात. बेरीज 150.

मग गंज आणला. पुणेकर सभासदांसाठी : गंज म्हणजे पातेलं. वरण कुठवर आलं होतं? तिने आतल्या बाजूला बोट ठेवलं, इथवर. तिथवर पाणी भरलं आणि ते मापलं. 1200 मिली. शेवटी तिची वाटी. 160 मिली. काल रात्री तिने एकच वाटी घेतली होती.

दृश्य : पाटीवर खडूने गणित.

150 ग्रॅम डाळीचं 1200 मिली वरण झालं. त्यातलं 160 मिली हिच्या वाट्याला आलं. म्हणजे 20 ग्रॅम डाळ. तुरीच्या डाळीत 100 ग्रॅममागे साधारण 22 ग्रॅम प्रथिनं असतात. हिच्या वाटीत आली जेमतेम साडेचार ग्रॅम.

आता गंमत बघा. हिची वाटी आपल्या मनातल्या वाटीहून थोडी मोठीच आहे. आपल्या हिशेबात एक वाटी वरण म्हणजे 30 ग्रॅम कोरडी डाळ. बाईंनी 'एक वाटी' सांगितलं आणि आपण कागदावर 30 लिहिले, तर एका रात्रीत दीडपट डाळ आपणच तिच्या पोटात घातली. वाटी खोटं बोलली नाही. वरण पातळ होतं. पाच माणसांना पुरायला हवं म्हणून पातळ होतं. म्हणून वाटी मोजून भागत नाही, गंजही मोजावा लागतो. मोबाइलवर 'डाल, वन बाउल' असं बोट दाबून कॅलरी सांगणारी जी ॲप आहेत, त्यांना हा गंज दिसत नाही. ज्यांना ती आवडतात त्यांनी खुशाल वापरावीत. आमच्या मंडळात आधी मूठ काट्यावर येते.

तिला शेवटचा प्रश्न विचारला. दुपारी भाजी किती वाट्या घेतली?

"उरली तेवढी."

दृश्य : चार सेकंद. निवेदन नाही. गंजावर झाकण ठेवणारा हात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 21 मध्ये, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला.

दृश्य : कॉटन मार्केट, पहाट. पोती, दिवे, हातगाड्या.

नागपूरवर फिल्म आणि संत्री नाहीत, हे कसं चालेल, असं बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं. मान्य आहे. पण आंबिया बहार ऑक्टोबरच्या सुमाराला येतो आणि मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये. आम्ही कॅमेरा भाड्याने घेतला ऑगस्टमध्ये. लिंबं होती, ती घेतली. 'क' जीवनसत्त्व त्यातही असतं. वरणावर लिंबू पिळलं की डाळीतलं लोह अंगी जास्त लागतं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला की कमी. जेवण आणि चहा यांत तासभर जाऊ द्या, हे सांगायला संत्र्याचा शॉट लागत नाही.

आम्ही इथे आलो होतो ते नावांसाठी.

दृश्य : भाज्यांचे ढीग. विक्रेत्या बायांचे हात. आवाज.

ही बरबटी. पुण्यात हिला चवळीच्या शेंगा म्हणतात. हे ढेमसं. हे लालसर पिवळं कापलेलं कोहळं, पुढे पश्चिमेकडे गेलात की याचाच लाल भोपळा होतो, आणि कोहळा म्हटलं तर तिथले लोक पेठ्याचं पांढरं फळ हातात देतात. खेड्यावरून आलेल्या या आजी टमाटरांना अजून भेदरं म्हणतात. आलू म्हणजे बटाटा. अळू वेगळं, बरं का. अंबाडीच्या जुड्या भरपूर. तरोटा जून झालाय, कोणी हात लावत नाही. थंडीत आलात तर तुरीचे ओले दाणे दिसतील, त्यांना सोले म्हणायचं. आणि हे हिरवंगार, सगळ्या ढिगांच्या कडेला, वीस रुपयांची भाजी घेतली तर फुकट मागायचं असतं ते. सांबार.

या एका शब्दाने आमची एक जुनी पाहणी पाण्यात गेली.

दृश्य : जुन्या फॉर्मची पानं. रकान्यात निळ्या शाईत 'सांबार'.

त्या वेळी फॉर्म भरले इथल्या मुलींनी. नोंदी संगणकावर चढवण्याचं काम पुण्याच्या एका मुलीकडे होतं. 'पोहे, वर सांबार.' 'झुणका, सांबार.' 'भाजी, सांबार घालून.' इथे कोणालाही कळतं की ही कोथिंबीर आहे. तिला कसं कळावं? सांबार म्हणजे इडलीबरोबरचं, डाळीचं, भाज्या घातलेलं. तिने प्रामाणिकपणे तोच संकेतांक टाकला. निकाल हाती आला तेव्हा डाळीचा आकडा बघून आम्ही खूश झालो होतो. सावजीच्या गावात घरोघरी सकाळ-संध्याकाळ दक्षिणी सांबार, तेही पोह्यांवर! कोणालाच संशय आला नाही, कारण आकडा चांगला होता. दोन महिन्यांनी एका विद्यार्थिनीने हळूच विचारलं, "मॅडम, लोक एवढं सांबार कुठून आणतात?"

फॉर्म पुन्हा तपासायला किती वेळ लागला, ते इथे नको.

दृश्य : जुनी छायाचित्रं. डोंगरातली बंगलेवजा इमारत. प्रयोगशाळा.

मापांचा आणि नावांचा हा खटाटोप आपल्यापासून सुरू झालेला नाही. 1918 साली रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी निलगिरीत, कुन्नूरला, बेरीबेरी या आहारातल्या कमतरतेने होणाऱ्या रोगाचा शोध घ्यायला एक छोटं केंद्र सुरू केलं. जागा एका खोलीची. पुढे त्यांनी उंदरांना हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या प्रांतांचं जेवण खाऊ घातलं. पोळी, डाळ, दूध, भाजी खाणारे उंदीर गुटगुटीत झाले, मुख्यतः पॉलिश केलेल्या तांदळावर काढणारे खुरटले. प्रांताचं ताट मापायचं ते असं. त्यांच्यानंतर आलेल्या ॲक्रॉइड यांनी 1937 मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. केंद्र 1958 मध्ये हैदराबादला हललं, 1969 पासून त्याला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळालं. पोषणतज्ज्ञ सी. गोपालन तिथलेच. आपल्या विषयाची देशपातळीवरची सोसायटीही 1967 मध्ये त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या पोषणमूल्यांच्या पुस्तकाने, 1971 च्या, आपल्यातल्या निम्म्या लोकांची पदवी निभावून नेली. पानं सुटलेली ही प्रत मंडळाच्या कपाटातली. आता हाताशी 2017 ची नवी कोष्टकं आहेत, 528 पदार्थांची, देशभरातून नमुने गोळा करून केलेली.

1972 पासून पुढे बरीच वर्षं राज्याराज्यांतून घरोघरी जाऊन कोरडी डाळ, पीठ, तेल मोजणारी माणसं होती, त्या राष्ट्रीय पोषण पाहणी संस्थेचं (एनएनएमबी) काम 2015 मध्ये थांबलं. त्यांच्याकडे ठरीव मापाच्या पेल्यांचा संच असायचा. बाईसमोर पेले मांडायचे आणि विचारायचं, यातला कोणता? आपण तेच करतोय, फक्त पेले तिच्याच घरातले.

दृश्य : बैठकीची खोली. पंखे. चहा. फळ्यावर तारखा.

आता बातम्या. भराभर सांगतो, कारण या भागात कॅमेऱ्याची बॅटरी संपत आली होती.

राष्ट्रीय पोषण सप्ताह 1 ते 7 सप्टेंबर, 1982 पासून चालत आलेला. यंदा भाषणं नाहीत, रांगोळी स्पर्धा नाही. सभासदांनी जोडीजोडीने घरं घ्यायची, रोज दोन. उपासाचा आणि सणाचा दिवस आढाव्यातून वगळायचा, हा नियम आहे. सप्ताह आणि महालक्ष्म्या कधी कधी एकाच आठवड्यात येतात. सोळा भाज्यांच्या दिवशी कोणाच्या घरी वजनकाटा घेऊन जाऊ नका. जेवायला बोलावलं तर जा.

सप्ताहाच्या आधीच्या रविवारी सराव. काटा घरून आणणाऱ्यांनी नवे सेल टाकून आणावा, मागच्या वेळी तीन काटे बंद पडले.

16 ऑक्टोबरला जागतिक अन्न दिन. 1945 साली याच तारखेला अन्न आणि कृषी संघटना स्थापन झाली. त्या दिवशी आपण नागपुरी नावांची यादी वाचून दाखवणार आहोत. आतापर्यंत जमलेल्या शब्दांपुढे कोष्टकातलं नाव आणि संकेतांक लिहायचं काम चालू आहे. सांबार पहिल्या क्रमांकावर. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन या, त्यांना शब्द माहीत असतात.

डिसेंबरात लाखोळीच्या डाळीवर चर्चा. हीही नावांचीच गोष्ट. आपल्याकडे लाख किंवा लाखोळी, छत्तीसगडात तिवरा, उत्तरेत खेसारी. भंडारा-गोंदियाकडे उभ्या धानात फेकून पेरतात, धान कापलं की उरलेल्या ओलीवर वाढते. 1961 मध्ये या डाळीच्या विक्रीवर बंदी आली, कारण दुष्काळात महिनोन् महिने तिच्यावरच जगणाऱ्यांचे पाय लुळे पडत. त्यामागचं विषारी द्रव्य बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 1964 मध्ये वेगळं करून दाखवलं. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं की त्याचं प्रमाण बरंच उतरतं. बाकी बंदी, शेतकरी, नवे वाण, वाद... सगळं त्या दिवशी. दोन्ही बाजूंचे लोक येणार आहेत, आवाज चढतील.

हिवाळ्यातल्या परिषदेला वाट्यांचं पोस्टर पाठवायचं ठरलंय. नाव काय द्यायचं यावर अजून एकमत नाही. विद्यार्थी सभासदांची वर्गणी निम्मी. बाकीच्यांची वर्गणी राहिली आहे, कोणाची ते त्यांना माहीत आहे.

दृश्य : रिकामं होत जाणारं टेबल. एकेक वाटी उचलली जाते, पुसली जाते, पिशवीत जाते.

26 वाट्या घरी गेल्या. ही एक राहिली. स्टीलची, काठाला छोटा पोचा, पाणी काठोकाठ भरलं तर 145 मिली. काठावर कोरलंय, 'मावशीकडून, 14-5-1989'. ज्यांची असेल त्यांनी सरावाच्या रविवारी घेऊन जावी. तोवर ती कार्यालयात आहे, तिच्यात सध्या टाचण्या ठेवल्यात.