ठकीच्या नाकावरचा डाग आणि पावसाची वही

मंडळी, सगळ्यांना नमस्कार. फलकावर ‘मांजरांचे त्वचाविकार’ असं लिहिलंय. विषय मी आयोजकांना कळवला होता तो एवढाच, की मांजराच्या अंगावर पुन्हा पुन्हा येणारे, कशाचे ते न कळणारे डाग कसे वाचायचे. मी पशुवैद्य नाही. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात पावसाच्या नोंदी ठेवल्या. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं आणि वहीत लिहायचं. पाऊस पडला नाही तर रकाना मोकळा सोडायचा नाही, तिथे शून्य लिहायचं. आमचे जुने साहेब म्हणायचे, मोकळा रकाना म्हणजे माणूस आला नव्हता, शून्य म्हणजे पाऊस आला नव्हता. आज मला जे सांगायचंय त्याचं मूळ या शून्यात आहे.

एक विचारतो. मोबाइलमध्ये आपल्या मांजराचे शंभराहून जास्त फोटो कोणाकडे आहेत? बघा, जवळजवळ सगळेच हात वर. आता त्यातला डागाचा, खपलीचा, गळलेल्या केसांचा फोटो किती जणांकडे आहे? दोन. मागच्या ताईंचा धरून तीन. मांजर गोजिरं दिसतं तेव्हाच आपण फोन काढतो. आणि डॉक्टरांकडे जायच्या दिवशी डाग नेमका सुकलेला असतो. मग आपण हाताने दाखवतो, “एवढा होता हो, इथे होता.” डॉक्टर तरी काय करणार?

आता ठकीची गोष्ट सांगतो. ठकी आमची भाटी, काळी-पांढरी. २०१३ मध्ये आमच्या इमारतीच्या मीटरच्या खोलीत सापडली, मुठीत मावेल एवढी. २०१५ च्या जुलैत एका सकाळी तिच्या नाकाच्या दांड्यावर, केस संपून नाकाचा ओला शेंडा सुरू होतो तिथे, तांबूस पुरळ दिसलं. तिसऱ्या दिवशी त्यावर खपली धरली. आठवड्यात दोन्ही कानांच्या बाहेरच्या बाजूला, केस विरळ असतात तिथे, तसेच खडबडीत ठिपके. पुढच्या पंजाच्या गादीची कड सोलल्यासारखी. खाणंपिणं व्यवस्थित, ताप नाही. फक्त मान झटकायची आणि पंजाने नाक घासायची.

दवाखान्यात नेलं. लांबूनच बघून सांगितलं गेलं, नायटा आहे. मलम दिलं, वर ताकीद की घरात लहान मूल असेल तर दूर ठेवा. घरात माझी चार वर्षांची नात. मांजराचा नायटा माणसाला होतो हे खरंच आहे, म्हणून आम्ही निमूट ऐकलं. सहा आठवडे ठकी मागच्या बाल्कनीला लागून असलेल्या खोलीत एकटी. नात दाराच्या फटीतून आत बोटं घालायची आणि ठकी आतून त्या बोटांना डोकं घासायची. हे आठवलं की मला अजून वाईट वाटतं, कारण त्या सहा आठवड्यांत एक केससुद्धा तपासायला गेला नव्हता. नायट्याचा संशय असेल तर वुड्स लॅम्प नावाचा जांभळ्या उजेडाचा दिवा असतो. मांजरांत नेहमी सापडणारी मायक्रोस्पोरम कॅनिस ही बुरशी केसावर असली तर त्याखाली केस हिरवट चमकतात. चमकले नाहीत म्हणून नायटा नाहीच, असंही नसतं. मग केस उपटून बुरशी वाढवून बघायची, त्याला दोन-तीन आठवडे लागतात. सहा आठवड्यांच्या तुरुंगापुढे तीन आठवडे काहीच नव्हेत. आणि बाल्कनीकडची ती खोली म्हणजे काय, तर कुंड्या, बशा आणि उघडी खिडकी. त्याचं महत्त्व मला फार उशिरा कळलं.

सप्टेंबरअखेर डाग गेला. मलम लागू पडलं असं घरात ठरलं. २०१६ च्या जुलैत डाग पुन्हा हजर. दुसरा दवाखाना, स्टिरॉइडचं इंजेक्शन. तीन दिवसांत नाक स्वच्छ! आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. महिन्याभरात डाग परत. इथे एक गोष्ट नीट ऐका. स्टिरॉइडने कुठलाही दाह बसतो. पिसवांचा बसतो, अन्नाच्या ॲलर्जीचा बसतो, डासांचाही बसतो. त्यामुळे इंजेक्शनने बरं वाटलं, यावरून डाग कशाचा होता हे कधीच कळत नाही. वारंवार दिलं तर मांजराला मधुमेहाचा धोका, तो वेगळाच. प्रत्येक डॉक्टरांसमोर तो डाग त्या दिवशी पहिल्यांदाच जन्माला आल्यासारखा होता. तो मागच्या वर्षीही आला होता हे आम्ही सांगत होतो, पण “पावसाळ्यात केव्हातरी” असं सांगत होतो. ज्याने चौतीस वर्षं मिलिमीटरमध्ये पाऊस लिहिला, त्याच्या घरात ही नोंद!

२०१७ च्या जूनपासून मी वही घातली. निवृत्तीनंतरही गच्चीवर माझं पर्जन्यमापक होतंच. त्याच वहीत पावसाशेजारी चार रकाने आखले: नाक, उजवा कान, डावा कान, पंजे. रोज साडेआठला ठकीला खिडकीशी धरायचं आणि लिहायचं. डाग नसेल तर शून्य. आठवड्यातून एकदा त्याच खिडकीत, त्याच उजेडात फोटो, शेजारी रुपयाचं नाणं, म्हणजे आकार कळतो. तीन पावसाळे हे केलं. पहिला दणकून पाऊस आणि नाकावरचं पहिलं पुरळ यांत तिन्ही वर्षं बारा ते सोळा दिवसांचं अंतर निघालं. साचलेल्या पाण्यात अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. पुढचा हिशोब तुम्हीच करा.

वही घेऊन तिसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पानं उलटली आणि औषध लिहायच्या आधी सांगितलं, आठ दिवस हिला डास शिरणार नाही अशा खोलीत ठेवा. खिडक्यांना जाळी ठोकली, दाराखाली पट्टी लावली. पाचव्या दिवशी खपली आपसूक पडली, खाली गुलाबी कातडी. नवव्या दिवशी जाळीबाहेर सोडलं, तर दोन दिवसांत नाकावर पुरळ. पुन्हा आत, पुन्हा बरं. डास चावल्याची ॲलर्जी. मांजरांतला हा प्रकार १९९१ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या नियतकालिकात छापून आलेला आहे. माहिती होती, फक्त ठकीच्या तारखा तिच्यापर्यंत पोहोचल्या नव्हत्या.

जाळीच लावा हं, ओडोमॉस मांजराला फासू नका. आणि कुत्र्यांसाठी मानेवर टाकायचे जे थेंब येतात त्यांत परमेथ्रिन असलं, तर मांजराला थरकाप सुटतो, झटके येतात, जीवही जातो. काही रसायनं निकामी करायची कुत्र्याच्या यकृताची ताकद मांजराच्या यकृतात नसते. आमच्याच गल्लीत एका बोक्यावर ही वेळ आली होती. दुकानदार म्हणाला होता, चालतं मांजराला. फिनेल टाकून पुसलेली ओली फरशीही तशीच वाईट, मांजर पंजे चाटतं.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, सात मिनिटं राहिली. जे सांगायला आलो ते आता भरभर सांगतो.

डागाची जागा आणि त्याचा काळ, दोन्ही एकत्र वाचा. पाठीवर, शेपटीच्या बुडाशी हात फिरवताना बाजरी सांडल्यासारखे बारीक दाणे लागले, तर आधी पिसवा धरा. डॉक्टरांच्या इंग्रजी पुस्तकांत या पुरळाचं जे नाव आहे, तेही लॅटिनमधल्या बाजरीसारख्या धान्यावरूनच आलंय. “आमच्याकडे पिसू नाही, मी बघितलंय” हे मला प्रत्येक जण सांगतो. मांजर पिसू चाटून गिळतं, तुम्हाला दिसणार कशी? फणीने केस विंचरा, पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. तांबडा ओघळ सुटला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे मांजराचंच रक्त. ॲलर्जी असलेल्या मांजराला दोन-चार चावेही पुरतात. पिसवांची अंडी-अळ्या गाद्यांत, फटींत असतात आणि कोष कित्येक महिने तग धरतात, म्हणून डाग दोन महिन्यांनी परत येतो. उपचार मांजराबरोबर घरालाही हवा, आणि घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकदम.

ऋतू कुठलाच नाही, बारा महिने डोकं-मान खाजवून रक्त काढतं, अशा वेळी अन्न तपासायचं. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं एकच अन्न आठ आठवडे. चोरून दिलेला बोंबलाचा एक तुकडाही सगळं फुकट घालवतो. हनुवटीखाली काळी टिंबं असतील तर ती मुरुमं, प्लॅस्टिकची वाटी बदलून स्टीलची ठेवून बघा. भगव्या मांजराच्या ओठांवर, नाकावर सपाट काळे ठिपके वयाबरोबर वाढतात. ते खाजत नाहीत, निरुपद्रवी असतात, घासू नका. पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकाची किंवा नाकाची जखम मात्र महिनाभर भरली नाही तर वहीबिही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. उन्हाने होणारा कर्करोग तिथेच सुरू होतो.

मागच्या ताई विचारताहेत, सगळे डाग असे उलगडतात का? नाही. ठकीच्या डाव्या मांडीच्या आत एक वाटोळा चट्टा येतो. केस जातात, कातडी जराशी जाड होते, तीन आठवड्यांत सगळं पूर्ववत. दोन वर्षांत चारदा आला. एकदा थंडीत, दोनदा उन्हाळ्यात, एकदा ऐन गणपतीत. पाऊस, डास, खाणं, घरातले पाहुणे, सगळे रकाने लावून बघितले, कशाशीच जुळत नाही. पिसवा नाहीत, बुरशी वाढवून बघितली तर काही आलं नाही. आता डॉक्टरांशी ठरलंय की पुन्हा उगवला की लगेच कातडीचा बारीक तुकडा तपासायला द्यायचा. तोवर जागा धुवायची नाही, खपली काढायची नाही, स्टिरॉइड द्यायचं नाही, नाहीतर तुकड्यात खरं काय ते दिसत नाही. आज सकाळी साडेआठला बघून आलोय. डावी मांडी, शून्य.