उन्हाळ्यात तोंड कोरडं पडतं तेव्हा

(गालाच्या आतला भाग, अगदी जवळून)

वरच्या दाढांसमोर, गालाच्या आतल्या बाजूला हा बारीकसा उंचवटा आहे. त्याच्या टोकाशी थेंब जमतोय. ओघळला. ही लाळ. कानापुढच्या ग्रंथीत ती तयार होते आणि एका बारीक नळीतून इथवर येते. अशा मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या, शिवाय ओठांत, गालांत, टाळूत पसरलेल्या शेकडो बारक्या ग्रंथी. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ येते.

तिच्यात 99 टक्के पाणीच असतं. पण उरलेल्या एका टक्क्यावर दातांचं सगळं संरक्षण उभं आहे: आम्लाचा जोर मोडणारं बायकार्बोनेट, झिजलेली जागा भरून काढणारं कॅल्शियम आणि फॉस्फेट, जंतूंना आवर घालणारी प्रथिनं.

(दुपारचं मैदान, धावणारे खेळाडू)

आता हेच तोंड उन्हात बघा. घाम वाहतोय, शरीर उरलेलं पाणी राखायला लागलंय. लाळ कमी होते, दाट होते. त्यात श्वास तोंडाने चाललेला, म्हणजे पुढचे दात आणि त्यांच्यावरच्या हिरड्या वाऱ्याने सुकतायत. आणि नेमक्या याच वेळी हातात येते ती थंड, गोड बाटली.

(बाटली. एक घोट. झाकण. पुन्हा एक घोट.)

हे दृश्य आम्ही मुद्दाम लांबवलं आहे. घोट मोजत राहा.

दातावरचं एनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. तरी तोंडातला सामू, म्हणजे पीएच, साडेपाचच्या आसपास उतरला की त्यातली खनिजं विरघळू लागतात. कोला पेयांचा सामू अडीचच्या जवळ असतो. ही मोजपट्टी साधी नाही. एक अंक खाली उतरला की आम्लता दहापट होते. साडेपाच ते अडीच, म्हणजे हजारपट. साखर नसलेलं ‘डाएट’ पेय घेतलं तरी हे आम्ल तिथे असतंच. आणि साखर असेल, तर दातांवर बसलेले जंतू ती खाऊन आणखी आम्ल तयार करतात.

(पेयात ठेवलेला दात, वेगाने पुढे सरकणारं चित्रण)

उपचारात काढून टाकलेला हा दात. चकाकी जातेय. पांढुरका, खडूसारखा होतोय.

पेल्यात लाळ नसते. तोंडात असते, आणि गोड घोटानंतर साधारण अर्ध्या ते एका तासात ती सामू पुन्हा वर आणते. तेवढी सवड मात्र तिला मिळायला हवी. दर दहा-पंधरा मिनिटांनी नवा घोट गेला, तर ती कधीच मिळत नाही. म्हणून आमचा आग्रह किती प्यायलं यापेक्षा किती वेळ पीत राहिलं यावर आहे. प्यायचंच असेल तर जेवणासोबत, एका बैठकीत संपवा. दिवसभर जवळ बाळगायचं ते साधं पाणी. लिंबू पिळलेलं पाणीही आंबटच. तेही घोट घोट पुरवून पिऊ नये.

आंबट पिऊन लगेच ब्रश करू नका. त्या वेळी एनॅमलचा पृष्ठभाग मऊ झालेला असतो, घासला की झिजतो. आधी पाण्याने चूळ भरा. ब्रश अर्ध्या-एक तासाने.

(बर्फाचा खडा, दाढांमधला आवाज)

बर्फ चावू नका. दाताला तडा जातो, आणि तो भरून येत नाही.

(हिरडीची कड, ब्रशच्या केसांवर लालसर डाग)

हिरडीच्या कडेला साठलेला हा पिवळट थर. लाळ कमी असली की तो अधिक चिकटून बसतो आणि हिरडी सुजते. रक्त दिसलं की माणसं त्या जागी ब्रश करणंच सोडतात. कृपया सोडू नका. मऊ ब्रश घ्या, हिरडीकडे थोडा तिरका धरा, हलक्या हाताने फिरवा. घट्ट झालेलं कीटण ब्रशने निघत नाही, ते दंतवैद्यांकडूनच काढून घ्यावं लागतं. दुर्लक्ष झालं तर आतलं हाड झिजतं, दात हलतात, पडतात.

(रात्र, बेसिन)

झोपेत लाळ जवळजवळ थांबते. म्हणून रात्रीचा ब्रश कधीच चुकवू नका, गरम रात्री तोंड उघडं टाकून झोपत असाल तर मुळीच नाही. फ्लोराइड असलेली पेस्ट घ्या. दोन मिनिटं घासा. फेस थुंकून टाका, पण त्यानंतर पाण्याने खळखळून चुळा भरू नका. फ्लोराइड दातांवर राहू द्या. उशाशी ठेवायचं ते फक्त पाणी.